खेट्याला जाता जाता ‘अनदर’ची बाजू कशी घ्यावी

‘अनदर’ या जपानी ॲनिमेची बाजू घ्यायची असेल तर ती माघातल्या रविवारी, कोल्हापुरातून जोतिबाच्या डोंगरावर पायी खेट्याला जाताना घ्यावी. घरी घेऊ नये. घरी विरोधकाला पंखा मिळतो, चहा मिळतो, आणि त्यातल्या छत्रीच्या प्रसंगाच्या क्लिपा दाखवायला दोन्ही हात मोकळे मिळतात. पहाटे पंचगंगेच्या घाटावरून निघून वडणगे, निगवे, कुशिरे करत गायमुखापर्यंत आलं की त्याचा अर्धा जोर ओसरलेला असतो. पुढची चढण लागली की ‘हं’ याखेरीज त्याच्यापाशी मुद्दाच उरत नाही. खेटे पाच असतात. भाग बाराच आहेत. पुरतात.

विरोधक दोन जातींचे असतात, पाहिलेले आणि न पाहिलेले. न पाहिलेला साधारणपणे मामा असतो. त्याचं म्हणणं एकच: “शाळंतली पोरं मारत्यात, असलं काय बघतोस रं?” त्याच्याशी कलेवर बोलू नये, नात्यावर बोलावं. गोष्टीतला शाप वर्गातल्या मुलांना लागतो, शिक्षकांना लागतो, आणि त्यांच्या आईबाप, आजीआजोबा, बहीणभावांना लागतो. मामा, आत्या, चुलत-मावस भावंडं यातून वगळलेली आहेत. हा गोष्टीतलाच नियम आहे. “मामा, तुम्ही सुरक्षित आहात” असं म्हटलं की माणूस निम्मा आपल्या बाजूला येतो. शिवाय गाव सोडून गेलेल्यांना शाप गाठत नाही, हे पुण्यात नोकरीला असलेल्या चिरंजिवांच्या संदर्भात सांगावं. एवढ्यावरही “असलं कुठं असतंय होय?” आलंच, तर ज्या डोंगरावर देवानं रत्नासुराला मारलं तो डोंगर आपण चढतोय, याची नम्रपणे आठवण द्यावी.

मग कथा सांगावी, पण दमादमानं. 1972 साली योमियामा गावातल्या शाळेत तिसरीच्या तिसऱ्या तुकडीतला एक लाडका विद्यार्थी वारला. (‘तिसरी’ म्हणजे आपली नववी. मामा इथं अडकतो, आधीच सांगून टाकावं.) वर्गानं ठरवलं की तो जिवंतच आहे असं वागायचं. शिक्षकांनी साथ दिली. वर्षाअखेरीच्या फोटोत तो खरोखरच उभा दिसला. तेव्हापासून काही वर्षी त्या वर्गात एक जण जादा येतो. तो मेलेला असतो, पण कोण ते कुणालाच, त्याला स्वतःलाही, ठाऊक नसतं. हजेरीपटापासून आठवणींपर्यंत सगळं त्याला सोयीचं होऊन बसतं, आणि महिन्यामहिन्याला माणसं मरू लागतात. 1998 मध्ये कोइची साकाकिबारा नावाचा मुलगा त्या वर्गात येतो. आईच्या माहेरी राहायला येतो, कारण वडील संशोधनासाठी भारतात आलेले असतात आणि फोनवर इथल्या उन्हाच्या तक्रारी करत असतात. ही बाब जरूर सांगावी. आपल्या उन्हाची दखल जपानी भुताच्या गोष्टीत घेतली गेली, हे ऐकून चालणारा क्षणभर थांबतो, आणि तेवढ्यात आपल्याला पुढचं वाक्य जुळवता येतं.

आता पाहिलेला विरोधक. हा जास्त घातक. तो छत्रीपासूनच सुरुवात करतो. तिसऱ्या भागात वर्गाची प्रतिनिधी असलेल्या मुलीला आईच्या अपघाताची बातमी येते. ती धावत सुटते, समोर दोघं दिसतात म्हणून नेहमीचा जिना टाळून दुसऱ्या जिन्याकडे वळते, पायरीवर घसरते, हातातली छत्री पुढे उडून उघडते आणि टोक वर करून पडते. मुलगी त्यावर पडते. यावर हसणारे तो भाग आल्यापासून हसतायत. त्यांना हसू द्यावं. मग जुलैतल्या महाद्वार रोडची गर्दी आठवायला सांगावी. डोळ्यापासून बोटभर अंतरावरून गेलेली काडी ज्याला आठवत नाही तो कोल्हापूरचा नाही. आणि मुद्दा छत्रीचा नाहीच. ती मुलगी जिना बदलते ते समोर उभ्या असलेल्या दोघांना घाबरून, आणि त्या दोघांतल्या एकीकडे वर्गानं ‘बघायचं नाही’ असं ठरवलेलं असतं. दिग्दर्शक त्सुतोमु मिझुशिमा यांनी तो जिना उगाच दाखवलेला नाही.

दुसरा आरोप: शेवटी फसवलं. जादा माणूस कोण ते आधी कळूच शकत नव्हतं म्हणे. इथं आवाज चढवायला हरकत नाही. मूळ कादंबरी युकितो अयात्सुजी यांची, 2009 सालची. हा माणूस 1987 पासून रहस्यकथा लिहितोय आणि वाचकासमोर सगळे पत्ते मांडून मग त्याला हरवण्याबद्दलच त्याची ख्याती आहे. भारतातून आलेल्या त्या फोनमध्ये एक धागा आहे. आजोळच्या घरातली पाळीव मैना एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारते, त्यात दुसरा आहे. विरोधकानं मैनेकडे लक्ष दिलं नाही, हा मैनेचा दोष नाही. मात्र इथं एक पथ्य पाळावं: रागाच्या भरात जादा माणसाचं नाव सांगू नये. मागून येणाऱ्या एखाद्या भक्तानं अजून पाहिलेलं नसेल, तर त्याचा खेटा वाया जाईल.

चढण अवघड झाली की मुख्य मुद्दा काढावा. तो छत्रीचा नाही, शापाचा नाही, बाकाचा आहे. एक जण जास्त झालाय, मग एकाला वजा करा म्हणजे हिशेब जुळेल, असा तोडगा त्या वर्गाला सापडलेला असतो. म्हणून मेई मिसाकी या मुलीला सगळ्यांनी ‘नाही’ समजायचं. तिच्याशी बोलायचं नाही, तिच्याकडे बघायचं नाही, शिक्षकांनी तिला प्रश्न विचारायचा नाही. ती बाकावर बसलेली असते आणि तिच्यावरून नजर सरकत पुढं जाते. ज्यांना याला भयपट म्हणायचं नसेल त्यांनी आपल्याकडच्या वाळीत टाकण्याकडे बघावं. पाणी बंद, मयताला खांदा बंद, लग्नाचं आवतण बंद, आणि विचारलं तर “आमचं काय भांडण न्हाई” हे ठरलेलं उत्तर. याविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळानं 2016 मध्ये कायदा केला, तो 2017 च्या जुलैपासून लागू झाला, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. जपानी लेखकानं हे कोल्हापूरसाठी लिहिलं नव्हतं. पण भूत खोटं आणि वर्ग खरा, हे आपल्याला वेगळं समजावून द्यावं लागत नाही. इथं मामा बहुतेक गप्प होतो. त्याला भावकीतलं एखादं घर आठवलेलं असतं. आपण विषय ताणू नये.

टीका होते म्हणून वस्तू वाईट, असंही कुणी म्हणेल. त्याला ‘दख्खनचा राजा जोतिबा’ ही मालिका आठवून द्यावी. 2020 च्या ऑक्टोबरात ती स्टार प्रवाहवर सुरू झाली, पुढं कथा ‘केदारविजय’ ग्रंथाला सोडून चाललीय असा आक्षेप डोंगरावरच्या पुजाऱ्यांनी आणि ग्रामस्थांनी घेतला, आणि घरोघरी ती बघितलीही गेली. ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेवर 2016 मध्ये सिंधुदुर्गातून टीका झाली, पुढं तिची आणखी दोन पर्वं आली. पहिला दाखला मात्र गायमुखाच्या खालीच वापरून संपवावा. वर गेल्यावर पुजारी मंडळी ऐकत असतात आणि त्यांची बाजू आपल्यापेक्षा भक्कम असते.

स्थानिक अस्मिता हे राखीव अस्त्र. ‘अनदर’ बनवणारा पी.ए. वर्क्स हा स्टुडिओ तोक्योतला नाही, दूर तोयामा प्रांतातला आहे. कोल्हापुरात बसून सिनेमे काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या गावात एवढं सांगितलं तरी भागतं.

दर्शन झालं, कपाळाला गुलाल लागला, हातावर खोबरं आलं, की एक गोष्ट कबूल करावी, कारण ती खरी आहे. शेवटचे दोन भाग फसलेत. वर्ग सहलीला जाऊन उतरलेला असतो त्या बंगल्याला आग लागते, ‘मेलेल्याला पुन्हा मारलं की शाप थांबतो’ हे पोरांना कळतं आणि ती एकमेकांवर सुऱ्या घेऊन धावतात. दहा भाग हळूहळू साठवलेली भीती तिथं अर्ध्या तासात उधळली आहे. कादंबरीत हा गोंधळ इतका नाही. मेई सुरुवातीलाच सगळं का सांगत नाही, यावरही माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. “तिच्याशी बोलायला बंदी होती” हे उत्तर दोनदा चालतं, तिसऱ्यांदा चालत नाही. पण हे चढताना कबूल करू नये. उतरताना करावं, तेव्हा समोरच्याचे गुडघे बोलत असतात.

घरी गेल्यावर मामानं “लाव बघू” म्हटलं, तर पहिल्या भागापासून लावावं. शून्य क्रमांकाचा एक जादा भाग आहे, तो शेवटी बघावा, नाहीतर मेईबद्दलची महत्त्वाची गोष्ट आधीच कळते. आणि तिसरा भाग जेवताना लावू नये.