मताची दक्षिणा

काशीत घाटालगतची खोली महागली, नावेचे भाडे महागले, आणि २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून लंगडा आंबा तर आमच्याशी बोलेनासाच झाला आहे. फुकट राहिले ते फक्त मत. अस्सीवर पप्पूच्या चहाच्या अडीवर, म्हणजे अड्ड्यावर, जाऊन उभे राहा. कुल्हड अर्धा होण्याच्या आत ट्रम्पपासून टोटोवाल्यापर्यंत सगळ्यांची बिनपाण्याने झालेली असते. २०१४ च्या लोकसभेला मोदी आणि केजरीवाल इथे समोरासमोर उभे राहिले, तेव्हा देशभरचे पत्रकार आणि मतचाचणीवाले या अडीवर लोटले होते. बनारसी माणसाने प्रत्येकाला त्याला हवे तेच मत दिले आणि वर पान खिलवले. घेतले काहीच नाही.

ही उधळपट्टी पाहून आम्हा काशीकर मराठी मंडळींच्या पोटात तुटते. आमचे पूर्वज असे फुकट तोंड उघडत नसत. देवरुखे ब्राह्मणांना पंगतीला घ्यायचे की नाही, हा वाद कोकणात मिटेना म्हणून थेट काशीला आला. १६५७ मध्ये विश्वनाथाच्या मुक्तिमंडपात पंडितांची सभा बसली आणि सत्तरांहून अधिक सह्यांचे निर्णयपत्र निघाले. आजच्या भाषेत हे फोकस ग्रुपच होते, म्हणजे मत घेण्यासाठी बसवलेली गटचर्चा, फक्त नमुना जरा मोठा आणि सगळे एकाच वर्गातले. पुढे १६७४ मध्ये पैठणच्या भट्ट घराण्यातले, पण काशीत नांदलेले गागाभट्ट रायगडावर गेले, शिवाजी महाराजांच्या क्षत्रियत्वाबद्दल अनुकूल मत दिले, राज्याभिषेक केला आणि भरघोस दक्षिणा घेऊन परतले. त्यांच्या मताला वजन होते आणि त्या वजनाला भाव होता. मधली तीनेकशे वर्षे ही परंपरा सुस्तावली होती. तिचा जीर्णोद्धार बाजार संशोधनवाल्यांनी केला.

ब्रह्माघाटाच्या गल्लीत आमचे एक काका राहतात. बँकेतून निवृत्त, पेन्शन बरी, मते फार. घरात ऐकणारे कोणी नाही. एके दिवशी कॉलेजात शिकणारी एक पोर दारात आली. ‘अंकल जी, बस दो घंटा बैठना है. सिगरा के होटल में. नाश्ता है, लिफाफा भी है.’ काकूंनी आतून विचारले, ‘काय विकत्येय हो?’ काका म्हणाले, ‘विकत नाहीये, विकत घेत्येय.’ काय विकत घेतेय हे कळल्यावर काकू इतक्या हसल्या की गॅसवरचे दूध उतू गेले.

पण मत विकणे हे दिसते तितके सोपे नाही. आधी चाळणी लागते. गेल्या सहा महिन्यांत अशा कुठल्या चर्चेला बसला होतात का? घरातले कोणी जाहिरात, वृत्तपत्र किंवा बाजार संशोधनाच्या धंद्यात आहे का? काका सरळमार्गी. म्हणाले, पुतण्या वार्ताहर आहे. झाले, बाद! मी तर दारातच बाद झालो, कारण मी हे सदर लिहितो. ज्याला मते असल्याबद्दलच मानधन मिळते त्याचे मत बाजाराला नको असते, आणि खरे सांगायचे तर यात बाजाराचे काही चुकते असे मला वाटत नाही.

पोरगी मात्र हुशार होती. तिला डोक्यामागे पैसे मिळतात, डोक्यातल्या मतामागे नाही. जिन्यात उभी राहून तिने काकांना हळूच शिकवले: ‘अंकल जी, भतीजा है ही नहीं. और छह महीने में आप कहीं नहीं गए.’ दुसऱ्या खेपेला काकांचा पुतण्या जगातून नाहीसा झाला. चर्चा शाम्पूची होती आणि तिच्या कोट्यात पन्नाशीपुढचा एक पुरुष कमी पडत होता. काकांच्या डोक्यावर शेवटचा केस कधी होता हे काकूंनाही आठवत नाही. तरी त्यांनी दोन तास कोंड्यावर असे काही विवेचन केले की बाईसाहेबांनी, म्हणजे चर्चा चालवणाऱ्या मॉडरेटरने, ते शब्दशः उतरवून घेतले.

चाळणीतून गेलात की तुमची प्रतवारी होते. २०११ मध्ये या धंद्याने देशातल्या घरांची नवी वर्गवारी आणली. ती दोनच गोष्टी पाहते: घरातल्या मुख्य मिळवत्या माणसाचे शिक्षण, आणि अकरा वस्तूंच्या यादीतल्या किती वस्तू घरात आहेत. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, धुलाई यंत्र, संगणक, मोटार, एसी आणि शेतजमीन. यावरून ए१ पासून ई३ पर्यंत बारा पायऱ्या. मनूने चार वर्णांत भागवले होते, पण त्याच्याकडे सर्वेक्षकाचा टॅब्लेट नव्हता.

या यादीची आमच्या गल्लीत जी गंमत होते ती मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसून कळायची नाही. इथे दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावे लागते आणि सांड आला तर दोघांनाही. मोटार घेणार कुठे आणि लावणार कुठे? ज्याच्या वाड्याची किंमत कोटीत आहे तोही मोटारीच्या रकान्यात नापास. काकांना मात्र शेतजमिनीने तारले. रत्नागिरी जिल्ह्यात कुठेतरी एका सातबाऱ्यावर इतर हिस्सेदारांच्या भाऊगर्दीत त्यांच्या आजोबांचे नाव आहे. ती जमीन काकांनी पाहिलेली नाही, तिच्यातला एक आंबा कधी तोंडात पडलेला नाही. पण खूण झाली आणि काका एक पायरी वर चढले. आजोबांच्या आत्म्याला गयेला जाऊन मिळाली नसेल एवढी शांती या एका खुणेने मिळाली असेल.

उलट शेजारचे घनपाठी गुरुजी. बारा वर्षे पाठशाळेत वेद मुखोद्गत केलेला माणूस. शाळेच्या दाखल्यावर म्हणाल तर काही नाही. पाहणीवाल्यांच्या शिक्षणाच्या कार्डावर त्यांच्यासाठी एकच खण बसत होता: ‘साक्षर, पण शालेय शिक्षण नाही किंवा चौथीपर्यंत’. गुरुजींनी कार्ड नीट वाचले, मान डोलावली आणि शांतपणे विचारले, ‘हे कार्ड ज्याने लिहिले तो कितवी शिकलाय?’ हे मत नोंदवायला टॅब्लेटवर जागा नव्हती.

काका आता सराईत झाले आहेत. या धंद्यात अशांना व्यावसायिक प्रतिसादक म्हणतात आणि त्यांच्या नावाने बोटे मोडतात. पण त्यांच्यावाचून कोटा भरत नाही, म्हणून पुन्हा त्यांनाच फोन करतात. एका पावसाळ्यात काका मधुमेही झाले, पहिली मोटार घेऊ इच्छिणारे झाले, आणि एकदा तर शाकाहारी असून मासळीच्या मसाल्याचे जाणकार झाले. त्या खोलीत भिंतीला आरसा असतो. आपल्या बाजूने आरसा, पलीकडून काच. पलीकडे बसून दिल्लीहून आलेले साहेब सँडविच खात बनारसी ग्राहकाच्या अंतरंगात डोकावत असतात. काका पहिल्या दिवशी त्या आरशात पाहून टोपी सारखी करीत होते. पलीकडच्यांनी ‘स्वतःच्या दिसण्याबाबत जागरूक’ असे लिहून घेतले म्हणे.

घरोघर फिरून पाहणी करणाऱ्यांची दशा त्याहून वाईट. रेन्सिस लायकर्ट नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मते मोजायची श्रेणी मांडली: ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच पायऱ्या, मध्ये तटस्थ. साहेबाने सगळा विचार केला, पण तोंडात पान असलेल्या माणसाचा केला नाही. बनारसी माणूस पान थुंकून उत्तर देण्याएवढा कुठल्याही टूथपेस्टला मोठा मानत नाही. प्रश्नामागून प्रश्न गेला तरी तो मान जराशी वर करून ‘हूं’ करतो. सर्वेक्षकाने लिहायचे काय? तटस्थ. दूर कुठल्या तरी वातानुकूलित कचेरीत या आकड्यांवरून असा निष्कर्ष निघत असणार की वाराणसीचा ग्राहक मनाचा थांग लागू देत नाही. थांग लागतो हो, त्याला फक्त पिंक टाकू द्या.

आता हिशेब. जोडउत्पन्न म्हणून या गोष्टीकडे पाहणाऱ्यांची संख्या आमच्या घाटांवर वाढते आहे, म्हणून सांगतो. सिगऱ्याला जायचे टोटोचे, म्हणजे ई-रिक्षाचे भाडे, गोदौलियाच्या कोंडीत गेलेला वेळ, तिथे पोचल्यावर ‘कोटा भर गया’ म्हणून परत पाठवण्याची शक्यता, आणि पाकिटाऐवजी प्लॅस्टिकचा डबा हातात पडण्याची त्याहून मोठी शक्यता. काकूंकडे अशा डब्यांचा संच झाला आहे. झाकणे एकमेकांना बसत नाहीत, कारण प्रत्येक डबा वेगळ्या कंपनीला काकांच्या अंतरंगाचा वेगळा भाग देऊन मिळवला आहे.

मोबाईलवरच्या पाहण्या घरबसल्या होतात, म्हणून तरुण मंडळी तिकडे वळली. गुगलचे ओपिनियन रिवॉर्ड्स २०१७ मध्ये भारतात आले. काल तुम्ही अमक्या दुकानात गेला होतात का, असे विचारते आणि चार-दहा रुपये गुगलच्याच दुकानात खर्च करायला देते. तुम्ही गेला होतात हे त्याला आधीच ठाऊक असते. त्याला फक्त पाहायचे असते की तुम्ही खरे बोलता का. इतर अॅपवर वीस मिनिटे प्रश्नांची उत्तरे द्या, एकविसाव्या मिनिटाला ‘आपण या पाहणीस पात्र नाही’ असे येते. दिलेली उत्तरे परत मागता येत नाहीत. त्यातून गुण साठलेच, तर पैसे काढण्याची किमान मर्यादा क्षितिजासारखी पुढे पुढे सरकते.

पण या सगळ्या प्रकाराचा कळस काशीत नव्हे, मुंबईत झाला. स्पीक एशिया आठवते का? सिंगापूरची म्हणवणारी कंपनी. तुम्ही ११,००० रुपये भरून तिच्या इलेक्ट्रॉनिक मासिकाचे वर्गणीदार व्हायचे. मग आठवड्याला दोन पाहण्या भरायच्या, प्रत्येकी ५०० रुपये. म्हणजे वर्षाला ५२,००० रुपये, खुर्चीतून न उठता. आणखी सभासद आणलेत तर वर बक्षीस. मत देण्यासाठी माणसाने आधी स्वतःच पैसे भरावेत, ही कल्पना ज्याच्या डोक्यात आली त्याच्यापुढे आमचे सगळे पंडे लोटांगण घालतील. जवळपास वीस लाख लोकांनी मते दिली. ती घेत कोण होते? ज्या मोठ्या कंपन्यांची नावे ग्राहक म्हणून फिरत होती त्यांनी हात वर केले. उत्तरांचे गिऱ्हाईक उत्तरे देणारेच होते: नव्याच्या वर्गणीतून जुन्याच्या मताचे पैसे जात होते. मे २०११ मध्ये पैसे थांबले, मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे प्रकरण गेले आणि फसवणुकीचा आकडा दोन हजार कोटींच्या पुढे सांगितला गेला.

याहून मजेची गोष्ट पुढे आहे. फसलेल्यांपैकी बरेच जण कंपनीविरुद्ध गेलेच नाहीत. त्यांनी संघटना काढली आणि कंपनीच्या बाजूने पोलिसांशी भांडले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मला यात मूर्खपणा दिसत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी दर आठवड्याला त्यांना ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारत होते. घरात, कचेरीत, सोसायटीच्या सभेत कोणी विचारले नव्हते. त्या प्रश्नासाठी माणूस ११,००० रुपये देतो, हे कुठल्याही बाजार संशोधनाने न काढलेले पण सिद्ध झालेले सत्य आहे.

बरे, ज्या पाहण्या खऱ्या असतात त्यांचे काय? जानेवारी २०१४ मध्ये देशातली मोठी वाचक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार नागपूरच्या ‘हितवाद’ला एकही वाचक नव्हता. प्रमाणित खप साठ हजारांच्या वर, वाचक शून्य. नागपुरी माणूस पैसे देऊन पेपर घेतो आणि घडीही मोडत नाही, असे मानायचे झाले तर त्याच्या दानतीला दाद द्यायला हवी. मग ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपीचे प्रकरण बाहेर काढले. मोजणी यंत्र बसवलेल्या काही घरांना ठरावीक वाहिनी चालू ठेवायला महिन्याला चारपाचशे रुपये मिळत, आणि इंग्रजीचा गंध नसलेल्या घरांतही इंग्रजी बातम्या चालू असत, असा पोलिसांचा दावा होता. पुढे सरकार बदलले, सरकारनेच खटला मागे घ्यायला अर्ज केला आणि २०२४ मध्ये न्यायालयाने परवानगी दिली. खरे काय होते ते विश्वनाथ जाणे. पण न कळणाऱ्या बातम्यांसमोर नुसते बसण्याचे पैसे मिळणे, याहून सुखाचे जोडउत्पन्न मला तरी सुचत नाही. आम्ही इतकी वर्षे ते फुकट करत आलो.

काकांना मी हे सगळे सांगितले. ते म्हणाले, ‘माझं मत खोटं असेल, पण भूक खरी असते. आणि तिथली कचोरी बरी असते.’ त्यांच्या शाम्पूवरच्या विवेचनातून निघालेली बाटली एव्हाना बाजारात आलीही असेल. केस गळाले तर कोणाला दोष द्यायचा हे निदान आपल्याला ठाऊक आहे.

तेव्हा वाचकहो, मताचे पैसे देणारा दारात आला तर घ्या, नाश्ता सोडू नका, डब्याचे झाकण तिथेच तपासून पाहा. मात्र आजकाल टेलिग्रामवर हॉटेलांना पाच तारे द्यायचे पन्नास-पन्नास रुपये देऊन, मग पुढच्या ‘टास्क’साठी तुमच्याकडूनच हजारो मागणारे भेटतात. मत देण्याआधी पैसे भरा असे जो म्हणेल, त्याचे नाव १९३० या क्रमांकावर कळवा. ती सरकारची सायबर फसवणुकीची मदतवाहिनी आहे, आणि तिथे घरात कोणी वार्ताहर आहे का असे विचारत नाहीत.