न वाचता दिलेला दाखला

ओळखीतल्या एका डॉक्टर मॅडमनी पदोन्नतीचा अर्ज नजरेखालून घालायला दिला होता. विषय क्लिनिकल फार्माकॉलॉजी, म्हणजे औषध माणसाच्या अंगात गेल्यावर काय करतं याचा अभ्यास. अर्जात रकाने तीन : पेपर किती, सायटेशन किती, एच-इंडेक्स किती. सायटेशन म्हणजे दुसऱ्याने आपल्या पेपरचा दिलेला दाखला; तो कुणी कशासाठी दिला, याला रकाना नाही. मला या आकड्यांची भीती वाटते. का, ते सांगतो.

10 जानेवारी 1980 च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पत्रव्यवहाराच्या पानावर जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं पत्र आलं. पाच वाक्यं. पोस्टकार्डावर मावेल एवढा मजकूर. जिक बॉस्टनचे औषध-संशोधक. रुग्णालयात दाखल झालेल्यांना कोणती औषधं दिली आणि त्यांचं काय झालं, याच्या नोंदी त्यांचा गट ठेवत असे. पत्रातला हिशेब असा : 39,946 रुग्ण पाहिले, त्यांतल्या 11,882 जणांना निदान एकदा अफूच्या जातीचं वेदनाशामक मिळालं, आणि आधी व्यसन नसलेल्यांपैकी व्यसन जडल्याची बऱ्यापैकी खात्रीची नोंद फक्त चौघांची.

यातला 'दाखल झालेले' हा शब्द बोट ठेवून वाचा. नर्सच्या हातून, मोजून, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत दिलेलं औषध. ती माणसं घरी गेल्यावर काय झालं, ते पत्रात नाही. कंबरदुखीसाठी महिनोन्‌महिने घरी गोळ्या घेणाऱ्याबद्दल तर अवाक्षर नाही.

पुढे ऑक्सिकॉन्टिन हे अफूच्याच जातीचं वेदनाशामक बाजारात आलं आणि या पत्राचे दाखले भराभर वाढले. 2017 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी त्याच जर्नलमध्ये त्यांची मोजदाद छापली. एकूण दाखले 608. त्याच सुमाराच्या तशा इतर पत्रांच्या वाट्याला साधारण 11. या 608 पैकी 439 जणांनी पत्र पुरावा म्हणून पुढे केलं होतं, की या औषधांचं व्यसन क्वचितच लागतं. आणि 491 जणांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, एवढंसुद्धा लिहिलं नव्हतं. पाच वाक्यं होती हो! त्यातला नेमका तोच शब्द गळाला.

एकाने दुसऱ्याच्या संदर्भसूचीतून उचललं, दुसऱ्याचं तिसऱ्याने, असं झाल्याशिवाय हे घडत नाही. आमच्या लेखनाच्या धंद्यात याला उचलेगिरी म्हणतात आणि नुकसान फार तर वाचकाचं होतं. औषधाच्या बाबतीत किंमत रुग्ण मोजतो. ऑक्सिकॉन्टिन विकणाऱ्या पर्ड्यू कंपनीने व्यसनाच्या धोक्याबाबत दिशाभूल केल्याचा गुन्हा 2007 मध्ये अमेरिकेच्या कोर्टात कबूल केला. पुढे हेरॉईन आलं, फेंटानिल आलं. 2021 या एका वर्षात तिथे अफूवर्गीय पदार्थांच्या अतिसेवनाने 80,000 हून जास्त माणसं गेली. सगळा दोष एका पत्राच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पण ते न वाचता पुढे सरकवणारे शेकडो शिकलेले हात त्यात आहेत, हे मी विसरू शकत नाही. आपल्या पत्राचा असा वापर झाला याची शरम वाटते, असं जिक यांनी म्हाताऱ्या वयात बोलून दाखवलं.

आणि हे दाखले मोजणाऱ्या यंत्राचं काय? ते प्रत्येक दाखल्याला एक गुण देतं. चूक दाखवणाऱ्यालाही एक, चूक पसरवणाऱ्यालाही एक. ही बेरीज बघून आपण माणसांना खुर्च्या देतो. निवड समित्यांना माझं सांगणं आहे : यादी मिटा, उमेदवाराला स्वतःचा एकच पेपर निवडू द्या, आणि तो लोकांनी कसा वापरला हे त्याच्याच तोंडून ऐका. अर्धा तास जाईल, जाऊ द्या.

जर्नलने त्या पत्राला सावधगिरीची टीप जोडली ती 2017 मध्ये. सदतीस वर्षांनी.

अर्ज परत देताना मॅडमना विचारलं, तुमच्या सगळ्यांत गाजलेल्या पेपरचे दाखले उघडून पाहिलेत का? नव्हते पाहिले. त्याच रात्री बसल्या आणि चौथ्यावरच अडकल्या. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या रुग्णांवर काढलेला त्यांचा निष्कर्ष तिथे सरसकट सगळ्यांना लावला होता. अर्ज तूर्त बाजूला आहे. मॅडम त्या जर्नलच्या संपादकांना पत्र लिहिताहेत.