कमरेला खिडक्या

ती पहिल्यांदा दिसली बाल्कनीतल्या कंपोस्टच्या डब्यावर, रविवारी सकाळी. काळीभोर, लांबट, आणि बसण्याची ढब अशी की डबा तिच्या माहेरून आलाय. बायको म्हणाली, "अहो, गांधीलमाशी! हलू नका." आणि स्वतः आत जाऊन तिने काचेचं दार ओढून घेतलं. मी बाहेरच होतो.

मग मी फोटो काढले. एकूण ४३. त्यांतल्या ११ फोटोंत डब्याचं झाकण अप्रतिम आलंय, भोकंन् भोकं मोजून घ्यावीत. ९ फोटोंत मागची कढीपत्त्याची कुंडी, १४ फोटोंत एक काळा फराटा, एकात माझा अंगठा. उरलेल्या ८ फोटोंत माशी आहे, पण पाठमोरी.

घरच्या ग्रुपवर टाकले. आत्याचं उत्तर मिनिटभरात: "कुंभारीण आहे. घर बांधत असेल तर मोडू नका. घरात पाळणा हलतो." आमच्या घरात हलण्याजोगी आता फक्त माझी एक दाढ उरली आहे. मेहुणे म्हणाले, "गोमाशी. गाय पाळलीत की काय?" फोनमधल्या ओळखयंत्राने आधी भुंगा सांगितला, मग मी फोटो कापून मोठा करून दिला, तर चपलेचा पट्टा.

यात थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. उडणारं, गुणगुणणारं काहीही दिसलं की आपण त्याला माशी म्हणून मोकळे. मधमाशी माशी नाही, गांधीलमाशीही माशी नाही. दोघींना पंख चार आणि दोघी मुंग्यांच्या गोतातल्या. खऱ्या माशीला पंख दोनच. मागच्या जोडीच्या जागी नुसत्या दोन बारीक दांड्या, टोकाला गोंडा, उडताना तोल सांभाळायला. त्यांना संतोलक म्हणतात.

हे ज्ञान मला भाच्याने दिलं. तो कीटकशास्त्रात एम. एस्सी. करतोय. "मामा, पंख किती दिसतात?"

"फराटा दिसतो."

"मिशा? पाय? कंबर बाजूने घेतलीस का? आणि मापाला शेजारी काही ठेवलं होतंस?"

इतकी चौकशी माझ्या सासऱ्यांनीसुद्धा केली नव्हती. स्थळ म्हणून गेलेला माझा फोटो महाबळेश्वरचा होता, कानटोपी घातलेला. टक्कल त्यांना साखरपुड्याला समजलं. नुसत्या फोटोवरून ओळख पटवण्यातले धोके ते अजून प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

मापाला मी दहाचं नाणं ठेवलं. २७ मिलिमीटर, शंकेला जागा नाही. नाणं ठेवताच ती उडाली. नाण्याचा फोटो मात्र फार देखणा आला.

तिसऱ्या दिवशी ती आपणहून झाकणाच्या कडेवर बसली, बाजूने, कोवळ्या उन्हात. मी श्वास रोखून एकच फोटो काढला. भाच्याचा लगेच फोन. "पंख दोन. मिशा डोक्यापेक्षा लांब. पायांची टोकं पांढरी. आता पोटाची सुरुवात मोठी करून बघ."

मोठी केली. तिथे दोन फिकट चौकोन होते, आणि त्यांतून मागच्या कढीपत्त्याचं हिरवं दिसत होतं. आरपार! उजेड तिथून निघून जातो, म्हणून कंबर बारीक भासते आणि बघणाऱ्याला गांधीलमाशी वाटते. बारीक दिसायला लोक पळायला जातात. हिने कमरेला खिडक्या पाडून घेतल्या.

"ब्लॅक सोल्जर फ्लाय," भाचा म्हणाला. शास्त्रीय नाव हर्मेशिया इल्युसेन्स. लिनिअसने १७५८ मध्ये नोंदवलेली. मूळची अमेरिका खंडातली, आता उष्ण प्रदेशात जवळजवळ सगळीकडे. नांगी नाही, चावण्याजोगं तोंडही नाही. पोटभर काय खायचं ते अळीपणी खाऊन घेते.

"अळीपणी कुठे?"

"मामा, डबा उघड."

उघडला. वर केळ्याची सालं, चहाचा चोथा. ते बाजूला केलं तर खाली मळकट पांढऱ्या अळ्यांची जत्रा. कान जवळ नेला. भेळेच्या चुरमुऱ्यांवर चटणी पडली की जो बारीक चुरचुर आवाज येतो, तसा येत होता. सोमवारी टाकलेली दुधीची सालं औषधालाही उरली नव्हती. एवढे दिवस डबा लवकर भरत का नाही, याचं श्रेय मी माझ्या ढवळण्याला देत होतो.

बायको दाराच्या फटीतून म्हणाली, "म्हणजे मी गेले चार महिने मीठ टाकून मारत होते त्या ह्याच?" मी काही बोललो नाही. ती तेव्हापासून तिला शिपाईमाशी म्हणते, जरा आदरानेच. आत्याला कळवलं, ती म्हणाली, कुंभारीणच आहे.

भाच्याने जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली होती, पण मी आनंदात होतो. कोषात जायची वेळ आली की ह्या अळ्या काळपट होतात, खाणं सोडतात आणि कोरडी जागा शोधायला डब्याबाहेर चालू लागतात.

परवा पहाटे खालच्या मजल्यावरच्या काकूंचा मेसेज आला. सोबत फोटो. अंधुक उजेड, फरशी आणि तीन-चार काळे फराटे. खाली लिहिलं होतं, "हे तुमच्याकडून आलंय का?"

मी फोटो मोठा करून पाहिला, बाजूला वळवून पाहिला. मग उत्तर लिहिलं, "काकू, यावरून नीट सांगता येत नाही. शेजारी दहाचं नाणं ठेवून पुन्हा काढता का?"