पावाचे पैसे लावले हो!

मावशी, अहो मावशी! जरा कुंपणापाशी या. हो, काल मध्यरात्रीच आले. चावीचं राहू द्या, आधी सांगा, मागची खोली गळली का? बालदी ठेवलीत? बरं केलंत बाई.

लिस्बनच. आम्ही चौघीच. नवरे नाहीत, टूरवाला नाही, त्याचा तो झेंडा नाही. बँकवालीचा भाचा तिथे असतो, त्याने खोल्या बघून ठेवल्या, एवढाच काय तो आधार. पाच दिवसांतले दीड दिवस चढण्यातच गेले. सात टेकड्यांचं गाव म्हणतात, मला सत्तर वाटल्या. रस्त्यावर पांढऱ्या दगडाचे चौकोनी तुकडे बसवून नक्षी केलेली. दिसायला देखणी, पण चार थेंब पडले की विहिरीची शेवाळलेली पायरी! मास्तरीणबाई पहिल्याच सकाळी खाली बसल्या. लागलं नाही, पण त्यानंतर बँकवालीचा दंड काही सोडला नाही त्यांनी.

समुद्र? तो जरा पुढे. गावाला लागून तेझू नदी, पण मुखाशी एवढी रुंद की आपली भाईंदरची खाडी आठवावी. तिच्यावर लांबलचक लाल पूल, वर मोटारी, खाली रेल्वे. 1966 साली बांधला तेव्हा त्याला सालाझारचं नाव होतं. हो, तोच, गोवा सोडायला तयार नव्हता तो. 1974 च्या 25 एप्रिलला लष्करातल्या अधिकाऱ्यांनी ती राजवट उलथली आणि पुलाला त्या तारखेचंच नाव दिलं.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या रात्री जेवायला बसलो. मागवायच्या आधीच पोऱ्याने पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवलं. मी म्हटलं, किती अगत्य! आपल्याकडे कांदा-लिंबू ठेवतात तसंच असेल. दिवसभर चालून भूक लागलेली, टोपली रिकामी केली. बिल आलं, त्यात पाव वेगळा, ऑलिव्ह वेगळे, चीज वेगळं! नको म्हटलं तर परत नेतात म्हणे, हात लावला की पैसे. अहो, पाव हा शब्द आपल्याला दिला कोणी? यांनीच ना? आणि त्याच पावाचे वसईकरणीकडून पैसे घेता? मास्तरीणबाई म्हणाल्या, शब्द फुकट दिला, पाव नाही.

मग आम्हाला नादच लागला. बाजारात बटाट्याची पाटी, ‘बताता’. अननस तर जवळजवळ आपलाच, कोबी ‘कौव’, काजू ‘काजू’. खोलीची किल्ली मागितली तर म्हणे ‘शाव’. म्हणजे ही तुमच्या हातातली चावी हो! बालदीही त्यांचीच. आणि सुकटीच्या बाजारासारखा वास आला म्हणून आत डोकावले, तर खारवलेला बकाल्याव मासा फळ्यांसारखा रचून ठेवलेला. बँकवाली नाक दाबून बाहेर, मी आत. बोंबील वाळवणाऱ्या गावच्या बाईला कसला वास?

तुमच्यासाठी एक खास बातमी. आपण ज्याला पादुआचा म्हणतो तो संत अँथनी जन्माने लिस्बनचा! मोठ्या चर्चच्या खालच्या अंगाला त्याच्या जन्माच्या जागेवर त्याचं चर्च आहे. आम्ही नेमक्या 12 जूनच्या रात्री तिथे. आल्फामा नावाची जुनी वस्ती, गल्ल्या एवढ्या चिंचोळ्या की समोरच्या खिडकीतून मीठ मागावं. दोरीवर कपडे, खिडकीत म्हाताऱ्या, आणि दारोदारी निखाऱ्यावर तारल्या. हो, आपल्या तारल्याच. मीठ लावून भाजायच्या, पावावर ठेवायच्या. मसाला शून्य. तरी मी सहा खाल्ल्या, खोटं कशाला बोलू? तो संत लग्नं जुळवतो म्हणून त्या दिवसांत तुळशीसारख्या रोपाच्या कुंड्या विकतात, वर कागदाचं फूल आणि चार ओळींचं प्रेमाचं कवन. पण रोपाला नाक लावायचं नाही. तळवा फिरवायचा आणि तळवा हुंगायचा. मी सवयीने नमस्कार केला, विकणारी बघतच राहिली.

वास्को द गामाची कबर बघितली, बेलेंच्या मठात. मठ म्हणजे दगडावर केलेलं भरतकाम. पैसा कुठला? पुष्कळसा मसाल्याच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातला. शेजारी 1837 पासून अंड्याच्या कस्टर्डच्या वाट्या विकतात, वर दालचिनी भुरभुरायची. ती खाताना मात्र मी हिशेब काढला नाही.

मी खरी हलले ती कार्मोच्या चर्चमध्ये. 1755 च्या भूकंपात छप्पर गेलं ते गेलंच, वर नुसत्या कमानी आणि आभाळ. आम्ही चौघी एकदम म्हणालो, किल्ला! आपल्या वसईच्या किल्ल्यातली चर्चं अशीच उघडी नाहीत का? फक्त तिथे तिकीट काढून आत जातात, झाडलोट आहे, आणि आपल्याकडे भिंतीवर बदाम कोरलेले. चिमाजीअप्पांनी 1739 ला किल्ला घेतला हे आपल्याला तोंडपाठ, पण भाच्याच्या पोर्तुगीज मित्राला वसई म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. दोनशे वर्षं राहून गेले आणि विसरले! राग आला मला. मास्तरीणबाई म्हणाल्या, तू तरी लिस्बन गेल्या वर्षी नकाशात शोधलंस ना?

चला, कुकर वाजला. तुमच्यासाठी सार्डिनचा डबा आणलाय, संध्याकाळी या. आणि ती शाव ठेवा तुमच्याकडेच, श्रावणात कोल्हापूरला जायचंय.