फॅनखालची जागा, तीनशे जास्त

मीरा रोडच्या एका सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, पाणी कधी येणार आणि मेंटेनन्स कोणी थकवला या दोन सनातन विषयांच्या मधोमध एक नवा कागद लागला आहे. ‘बिगिनर्स योगा बॅच. क्लब हाऊस. सकाळी ६ ते ७. डेमो फ्री.’ इथवर कोणाची काही हरकत नाही. खाली दरपत्रक आहे. भिंतीकडेची मॅट : नेहमीची फी. मधली रांग : शंभर जास्त. फॅनखाली : तीनशे जास्त. खिडकीजवळ : चौकशी करावी.

‘चौकशी करावी’ ही भाषा आपल्याकडे खाडी दिसणाऱ्या फ्लॅटसाठी राखीव होती. ती आता भुजंगासनापर्यंत आली.

मॅट सहा फूट लांब, दोन फूट रुंद. म्हणजे बारा चौरस फूट. आकडा कानावर पडताच मीरा-भाईंदरच्या माणसाचा मेंदू आपोआप गुणाकार करू लागतो, त्याला इलाज नाही. इथे माणूस आधी एरिया विचारतो, मग तब्येत. त्यामुळे योगाच्या क्लासची जाहिरात करायची तर ती बिल्डरच्या वळणानेच जाणार. डेमो क्लास म्हणजे आपला सॅम्पल फ्लॅट. त्या दिवशी हॉलमध्ये जेमतेम सात-आठ डोकी असतात, तिन्ही फॅन सुरू असतात, सर स्वतः जवळ येऊन ‘अंकल, घुटना सीधा, आरामसे’ म्हणत खांद्याला हलका हात लावतात आणि शेवटी लिंबू-मध घातलेलं कोमट पाणी मिळतं. पैसे भरले की पझेशन. दुसऱ्या दिवशी त्याच हॉलमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत मॅटला मॅट चिकटलेली, लिंबू गायब, आणि सर स्टेजवरून मोबाइलकडे बघत सर्वांना एकदम घुटने सीधे करायला सांगत आहेत.

नवखा माणूस त्या गर्दीतही लांबून ओळखता येतो, कारण त्याची मॅट. कालच प्लास्टिकमधून काढलेली असते. रबराचा उग्र वास, आणि दोन्ही टोकं हट्टाने वर वळलेली. एका टोकावर तो पाण्याची बाटली ठेवतो, दुसऱ्यावर मोबाइल. वाकून पायाचे अंगठे धरायला गेला की बाटली घरंगळते, टोक सुटतं आणि मॅट त्याच्याआधी पश्चिमोत्तानासन करून मोकळी होते.

आता क्षेत्रफळाचं बघू. बारा चौरस फूट हा झाला कार्पेट एरिया. पण त्रिकोणासनात हात पसरले की तुमचा पंजा शेजारच्या काकांच्या हद्दीत जातो. हलासनात पाय मागे टाकले की मागच्या मॅटवर सरळसरळ अतिक्रमण. म्हणजे प्रत्यक्ष वापर वीस-बावीस चौरस फुटांचा, फी बारा चौरस फुटांची. हे लोडिंग कोणाच्या खात्यावर टाकायचं? २०१७ मध्ये रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला आणि कार्पेट एरिया सांगूनच घर विकायचं ठरलं, पण शवासनाला अजून असं संरक्षण नाही. म्हणून सर बिगिनर मंडळींना गुडघे दुमडूनच शवासन करायला लावतात. कमरेसाठी चांगलं असतं, असं सांगतात. असेल. मागची रांगही बसते. ताडासन मात्र सर पहिल्या महिन्यात भरपूर करून घेतात, कारण ते उभं बांधकाम, जागा खात नाही. आणि फॅनखालच्या जागेचं म्हणाल तर ती तीनशे जास्त देऊनही मिळत नाही. तिथे गेली सहा वर्षं एक काकू आहेत. पावणेसहाला त्यांची ओढणी येऊन पडते, सहाला त्या येतात. त्यांचं कपाळ गुडघ्याला सहज टेकतं, चक्रासन त्या बोलता बोलता करतात. तरीही त्या बिगिनर बॅचमध्येच आहेत, कारण ॲडव्हान्समध्ये गेलं तर फॅन जाईल. सर काही बोलू शकत नाहीत. कसेल त्याची मॅट. बिगिनर बॅचमध्ये खरे बिगिनर दोन किंवा तीन असतात आणि ते भिंतीला, चपलांच्या स्टँडशेजारी घाम पुसत असतात, याचं कारण हा अलिखित कुळकायदा.

योग म्हणजे जागेचा हव्यास सोडणं, असं कोणी सुनावेल. त्यांनी जुने ग्रंथ उघडून बघावेत. पतंजलींच्या योगसूत्रांत दोनशेच्या आसपास सूत्रं आहेत, त्यांतली आसनावर फक्त तीन. बसणं स्थिर आणि सुखाचं असावं, एवढीच त्यांची अपेक्षा. फॅनचा उल्लेख नाही. पण पंधराव्या शतकाच्या सुमाराची हठप्रदीपिका काढा. आसनं मोजकी पंधरा, आणि पहिल्याच प्रकरणात, आसनांच्याही आधी, जागेच्या अटी. साधकाभोवती धनुष्यभर, म्हणजे चार हात, म्हणजे बरोबर आपल्या मॅटच्या लांबीइतका टापू दगड, अग्नी आणि पाण्यापासून मुक्त हवा. खोलीचं दार लहान. खिडकी, भोक, बीळ काही नको. जमीन फार उंच नको, फार सखल नको. शेणाने दाट सारवलेली. जीवजंतू अजिबात नकोत. बाहेर मांडव आणि विहीर.

ही यादी घेऊन भाईंदरभर फिरा. पाण्यापासून मुक्त? जुलैत वरच्या टेरेसचं पाणी छतातून गळून नेमकं भिंतीकडेच्या मॅटवर पडतं, तेही नेहमीच्या फीमध्ये. दगडापासून मुक्त? तिसऱ्या मजल्यावर टाइल्स फोडण्याचं काम गणपतीपासून चालू आहे. सखल नको म्हणावं, तर मिठागरं आणि खाडी यांच्या मधल्या गावाने उंची आणायची कुठून? जीवजंतूंवर बोलायला नको, ते प्राणायामात श्वासाबरोबर आत जातात. विहिरीच्या जागी टँकर, तो सहालाच येतो आणि त्याचा पंप ओंकाराच्या पट्टीत लागतो. एक खिडकी नसण्याची अट तेवढी पाळण्यासारखी होती, तर त्या खिडकीचेच इथे जास्त पैसे. पण या सगळ्याच्या आधीची अट मी मुद्दाम मागे ठेवली होती. मठी कुठे बांधावी? जिथलं राज्य चांगलं चाललं आहे, अन्नाला तोटा नाही आणि उपद्रव नाही, अशा मुलखात. शिस्त बघा. आधी कारभार, मग कपालभाती. पाचशे वर्षांपूर्वी माणसाला कळत होतं की रस्त्यात खड्डे असतील तर घरात बसून मन शांत होत नसतं. आपण उलट निघालो. कारभार आहे तसा राहू द्या, तुम्ही अनुलोम-विलोम करा.

आणि आता हसू आवरतं घेतो, कारण मला त्या आर.जी.चं बोलायचं आहे. प्रत्येक संकुलाच्या नकाशावर एक हिरवा चौकोन असतो. रिक्रिएशन ग्राउंड. आर्किटेक्टने त्यावर छोटी गोल झाडं काढलेली असतात. फ्लॅट घेताना तो चौकोन दाखवून पैसे घेतले. आज तिथे जाऊन उभे राहा. अर्ध्या जागेत स्टॅक पार्किंग, एका कोपऱ्यात जनरेटर, दुसऱ्यात विक्रीसाठी बांधलेलं आणि कधीच न पाडलेलं ऑफिस, आणि उरलेल्या पट्ट्यावर पाटी : ‘येथे खेळण्यास मनाई आहे.’ पोरं गाड्यांच्या मधल्या बोळात एक टप्पा आउट खेळतात आणि काच फुटली की मार खातात. म्हातारी माणसं त्याच इमारतीला घाण्याला जुंपल्यासारख्या फेऱ्या घालतात. टेरेसला कुलूप आहे, किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी गावी. राहिलं ते क्लब हाऊस. त्याचे पैसे अमेनिटीज म्हणून फ्लॅटबरोबर एकदा घेतले. त्याच्या दिव्यापंख्याचे पैसे मेंटेनन्समध्ये दर महिन्याला घेतात. तेच क्लब हाऊस क्लासवाल्याला तासावर भाड्याने देतात आणि क्लासवाला त्यातले बारा चौरस फूट आपल्यालाच विकतो. आपल्याच फरशीवर पालथं पडायला तिसऱ्यांदा पैसे! गावात मोकळं मैदान असतं तर कोणाला लागली होती मॅट? उगवतीला गवतावर सतरंजी टाकली असती आणि घातले असते बारा सूर्यनमस्कार. सूर्य तरी दिसला असता. क्लब हाऊसमध्ये आम्ही नमस्कार घालतो तो दिशेच्या अंदाजाने, अग्निशामक सिलिंडरला.

नाही म्हणायला वर्षातून एकदा फुकट मॅट मिळते. २०१५ पासून दर २१ जूनला योग दिन. उत्तर गोलार्धातला सर्वांत मोठा दिवस म्हणून ही तारीख निवडली. निवडताना कोकणपट्टीचा पाऊस कोणाच्या ध्यानात आला नसावा. मांडवाचं छत पोटुशीसारखं फुगलेलं असतं, पंचेचाळीस मिनिटांच्या कार्यक्रमाआधी तेवढीच भाषणं होतात, आणि वाटलेल्या मॅटवर इच्छुक उमेदवाराचा हसरा फोटो छापलेला असतो. शशांकासनात कपाळ टेकायचं ते नेमकं त्याच्या मिशीवर. लोक निमूटपणे मॅट उलटी घालतात.

त्याच जोशात दुसऱ्या दिवशी क्लासला गर्दी उसळते. आता घेरंडसंहिता काय म्हणते ऐका. ग्रीष्मात आणि पावसाळ्यात योगाला सुरुवात करू नये, हेमंत-शिशिरातही नको, केल्यास रोग होतात. सुरुवात करावी ती वसंतात किंवा शरदात. मी हे सरांना दाखवलं. सरांनी शांतपणे डायरी उघडली. शरदात नवरात्र, हॉल गरब्याला दिलेला, त्यानंतर दिवाळीच्या फराळाचे स्टॉल. वसंतात होळीचा कार्यक्रम, मग मुलांच्या परीक्षा, मग लग्नाच्या पंगती.

‘काका, जूनमध्येच खाली असतो हॉल,’ सर म्हणाले. ‘भिंतीकडेची एक मॅट शिल्लक आहे. गळतं त्याच्या बाजूची.’