फिलिपिन्सहून परत कसे यावे

फिलिपिन्सला जाण्याचा मुख्य हेतू तिथून परत येणे हा असतो. ज्यांना हे उमगत नाही ते समुद्रकिनाऱ्यावर लोळतात, फोटो काढतात आणि हात हलवत घरी येतात. अशा माणसाला तिथे कोणी प्रवासी म्हणत नाही. गावाहून येणाऱ्याने घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी, ऑफिसातल्या झाडून सगळ्यांसाठी खाऊ आणायचा असतो. त्याला पासालुबोंग म्हणतात. लिफ्टमध्ये भेटलेला अर्धपरिचित गृहस्थसुद्धा 'प्रवास कसा झाला?' असे न विचारता 'माझा पासालुबोंग कुठंय?' असे विचारू शकतो. प्रस्तुत मार्गदर्शन या प्रश्नाला घाबरणाऱ्यांसाठी आहे.

२०२५च्या जूनपासून भारतीय पर्यटकाला तिथे १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. देशात बेटे ७,६४१. भागाकार करू नये. त्याऐवजी कोणत्या गावाला कोणता जिन्नस, हे पाठ करावे. इलोइलोचा बिस्कोचो, सेबूचा सुकवलेला आंबा, बिकोलचे पिलीचे दाणे. बिकोलात मायोन नावाचा देखणा ज्वालामुखीही आहे. पिलीची खरेदी उरकली की तोही पाहून घ्यावा.

सुरुवात बागियोपासून करावी. अमेरिकनांनी आपल्या राजवटीत उन्हाळ्यापासून पळण्यासाठी वसवलेले हे थंड हवेचे ठिकाण. तिथे स्ट्रॉबेरी घ्यावी आणि ती बागियोत नव्हे, शेजारच्या ला त्रिनिदादला पिकते हे गुपित कोणाला सांगू नये. ते सगळ्यांना माहीत असते. मग गुड शेफर्ड कॉन्व्हेंटच्या दुकानात रांगेत उभे राहावे. तिथल्या उबे जामच्या विक्रीतून डोंगरी भागातल्या मुलांच्या शिक्षणाला मदत होते, त्यामुळे चार बरण्या जास्त घेतल्या तर तो हावरटपणा न ठरता दानधर्म ठरतो. ही सोय फार थोड्या गोड पदार्थांना आहे.

उबे म्हणजे आपले कोनफळ. होय, तेच, उपवासाला काप तळून, चेहऱ्यावरची रेषाही न हलवता खाल्लेले. तिथे त्याचा जाम होतो, केक होतो, आइस्क्रीम होते, आणि जांभळा रंग पाहून लोक आधीच खूश होतात. हे कळल्यावर मराठी माणसाला 'त्यात काय एवढं, आमच्याकडे पण असतं' असे म्हणण्याची उबळ येईल. ती दाबावी. 'मग तुम्ही त्याचं काय केलंत?' असा पुढचा प्रश्न येतो आणि त्याला बरे उत्तर नाही. बागियोहून गवताच्या केरसुण्याही आणण्याची पद्धत आहे. झाडू भेट देताना घेणाऱ्याच्या मनात भलते काही येणार नाही, अशी वेळ निवडावी.

गावातल्या गावात जीपनीने फिरावे. महायुद्धानंतर उरलेल्या अमेरिकी जीपगाड्यांतून ही जात निपजली. ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा मोकळी दिसली तर धावत जाऊन बसण्यापूर्वी ती मोकळी का, याचा विचार करावा. तिथे बसणारा बिनपगारी कंडक्टर असतो. मागून 'बायाद पो' असा आवाज येतो, नाणी हातोहात त्याच्यापर्यंत पोहोचतात, त्याने ती पुढे द्यायची आणि सुटे मागे धाडायचे. उतरायचे असल्यास 'पारा पो' असे म्हणावे. खिडकीबाहेर पाहत मनात म्हटल्यास जीपनी थांबत नाही.

पासालुबोंग दुसऱ्यांसाठी असतो. आपण काय खावे हा प्रश्न गौण असला तरी टळत नाही. तुरो-तुरो खानावळीत पातेली मांडलेली असतात, बोट दाखवावे. शाकाहाऱ्याने भाजीकडे दाखवल्यास भाजीच मिळेल, फक्त तिच्यात डुकराचे मांस निघण्याची शक्यता बरीच. मांस नको म्हटले तर बागोओंग, म्हणजे खारवलेल्या बारीक कोळंबीचा लगदा, निघतो. कडक शाकाहाऱ्याने म्हणून सकाळी लवकर उठावे. कावडीला दोन डबे लावून 'ताहोऽऽ' ओरडत जाणारा फेरीवाला गाठावा. गरम लुसलुशीत टोफू, वर पाक आणि साबुदाणा. साबुदाणा दिसला म्हणून उपवासाचे समजू नये.

कोणी जेवत असेल आणि तुम्ही समोरून गेलात, तर तो 'काइन तायो', चला जेवू, असे म्हणेल. लगेच पाट ओढू नये. हसून 'झालं माझं' म्हणावे. ही विद्या आपल्याला पाळण्यापासून येते, तिचा सराव परदेशात मोडू नये.

नेग्रोस बेट उसाचे. तिथल्या बाकोलोदचा पियाया म्हणजे चपट्या पोळीत मस्कोवादो साखर भरून, वर तीळ लावून भाजलेला प्रकार. थंड झालेली, तुपाची वाट पाहणारी गूळपोळी जशी लागते तसाच. संक्रांतीच्या सुमारास परतत असाल तर जास्त घ्यावा, दोन कर्तव्ये एकदम पार पडतात.

आता आंबा. इथे मन घट्ट करावे. गिमारास बेटाच्या आंब्याचे नाव देशभर आहे, आणि बागांना कीड लागू नये म्हणून बाहेरचा आंबा त्या बेटावर न्यायला मनाई आहे. म्हणजे तुमच्या पिशवीतला हापूसही आरोपीच. याहून कठीण प्रसंग मनिलाच्या रस्त्यावर येतो. हातगाडीवर एक छोटा, हिरवा, कच्चा आंबा बागोओंग लावून विकतात, आणि त्याचे नाव 'इंडियन मँगो'. आपल्या देशाच्या नावावर तिथे हा आंबा जमा आहे. रत्नागिरी आणि देवगडच्या मंडळींनी आपसातले भांडण तात्पुरते मिटवून संयुक्त निषेध नोंदवण्यापूर्वी एक फोड खाऊन पाहावी. नंतर निषेधाला तोंड रिकामे राहत नाही.

दावाओचा दुरियन तिथेच खाऊन संपवावा. विमानात आणि बहुतेक हॉटेलांत त्याला प्रवेश नाही. सेबूच्या ताबोआन बाजारातला दांगित हा सुका मासा घेणाऱ्याने कपड्यांची आशा सोडावी. सुक्या बोंबलांत वाढलेला कोकणी माणूस इथे हमखास गाफील राहतो. आपले कस्टम काय येऊ देते, हे आधीच विचारून ठेवावे, नाहीतर दांगित विमानतळावरच वाटला जातो.

बांधाबांध पुठ्ठ्याच्या खोक्यात करावी. परदेशी नोकरी करणारे फिलिपिनो 'बालिकबायान बॉक्स' नावाचे भलेमोठे खोके घरी धाडतात, त्यामुळे दोरी, चिकटपट्टी आणि जागा या तिन्हींचे शास्त्र त्यांच्याकडे मुरलेले आहे. कोकणातले, गोव्यातले जे जहाजांवर त्यांच्यासोबत राहिले असतील, त्यांच्याकडून गाठ शिकून घ्यावी. ओताप नावाचे पापुद्र्यांचे बिस्किट तळाशी ठेवू नये. त्याचा चुरा होतो, आणि चुऱ्याला कोणी पासालुबोंग मानत नाही.

शेवटच्या दिवशी मोजणी करावी. माणसे जास्त आणि पुडे कमी, असेच निघते. घाबरू नये. मनिलाच्या मॉलमध्ये कितीतरी प्रांतांचे जिन्नस एका छताखाली मिळतात; न पाहिलेल्या बेटांचाही खाऊ तिथून घ्यावा, किमतीचा स्टिकर मात्र नखाने नीट खरवडावा. आणि वाटप सुरू करण्यापूर्वी उबे जामची एक बरणी फ्रिजमध्ये, लोणच्याच्या मागे, कोणाचा हात जाणार नाही अशा कोपऱ्यात सरकवून मोकळे व्हावे.