आकाशात सवलत कशाला?

29 जानेवारी 2025. रात्रीचे पावणेनऊ वाजून गेलेले. वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाच्या टॉवरमधून एका लष्करी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला सूचना गेली, त्या विमानाच्या मागून जा. त्यातलं ‘मागून जा’ एवढंच बहुधा हेलिकॉप्टरमध्ये ऐकू गेलं नाही, कारण त्याच क्षणी तिथल्या कुणीतरी बोलण्यासाठी माइकचं बटण दाबलं होतं. जेमतेम 0.8 सेकंद. पुढच्या वीसेक सेकंदांत ते हेलिकॉप्टर आणि विचिटाहून आलेलं प्रवासी विमान एकमेकांवर आदळून पोटोमॅक नदीत कोसळली. 67 माणसं गेली. विमानातली 64, हेलिकॉप्टरमधली 3.

देशाच्या राजधानीत, इतक्या गजबजलेल्या आकाशात, माणसांचे जीव एका अर्धवट ऐकलेल्या वाक्यावर अवलंबून होते. राग येतो तो याचा, कारण त्यावरचं उपकरण केव्हाच बाजारात आलेलं आहे.

त्याचं नाव एडीएस-बी. विमान आपली जागा, उंची, वेग साधारण दर सेकंदाला रेडिओवरून जाहीर करत राहतं, हा ‘आउट’. इतरांनी जाहीर केलेलं आपल्या कॉकपिटमधल्या पडद्यावर बघायचं, हा ‘इन’. अमेरिकेने 1 जानेवारी 2020 पासून गर्दीच्या हवाई क्षेत्रात ‘आउट’ सक्तीचं केलं. ‘इन’ मात्र ऐच्छिक ठेवलं. म्हणजे बोलायचं सगळ्यांनी, ऐकायची सक्ती कुणावरच नाही! त्यात बोलण्यातूनही लष्कराला सूट. संवेदनशील मोहिमांच्या नावाखाली दिलेली ही सूट रोजच्या सरावालाही लागू व्हायला लागली. त्या रात्रीचं उड्डाण काही गुप्त मोहीम नव्हती, वैमानिकाची वार्षिक चाचणी होती. तरीही हेलिकॉप्टरचा ‘आउट’ बंद होता. रात्री घाटात दिवे मालवून गाडी हाकणाऱ्याला आपण काय म्हणतो?

टॉवरच्या रडारवर हेलिकॉप्टर दिसत होतं, हे खरं. पण विमान टॉवर चालवत नाही, वैमानिक चालवतो. त्याच्याकडे टीकॅस ही टक्कर टाळण्याची जुनी यंत्रणा होती. तिने ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असं बजावलंही. मात्र वर जा किंवा खाली जा हा आदेश ती जमिनीच्या इतक्या जवळ देतच नाही, तिची रचनाच तशी आहे. अपघाताची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने हिशेब मांडला: ‘इन’ असतं तर विमानाच्या वैमानिकांना 59 सेकंद आधी कळलं असतं, हेलिकॉप्टरला 48. उतरणाऱ्या विमानाच्या बाबतीत एक मिनिट म्हणजे भरपूर वेळ.

आणि ही काही आकाशातून कोसळलेली कुऱ्हाड नव्हती. ऑक्टोबर 2021 ते डिसेंबर 2024 या काळात याच विमानतळापाशी विमान आणि हेलिकॉप्टर धोकादायकरीत्या जवळ आल्याच्या 15,214 नोंदी होत्या. त्यातल्या 85 वेळा तर थोडक्यात निभावलं होतं. 33 क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरणारं विमान आणि त्याखालून जाणारं हेलिकॉप्टर यांच्यात, दोघांनी नियम पाळले तरी, 75 फूटच अंतर उरू शकत होतं. आकडे सरकारी दप्तरात पडून होते. कुणी ते उघडून पाहिले नाहीत. एनटीएसबी तर दीड दशकाहून अधिक काळ ‘इन’ सक्तीचं करा म्हणून घसा कोरडा करत होती.

अखेर सिनेटमध्ये टेड क्रूझ यांनी पुढाकार घेतलेलं रोटर विधेयक आलं. विमानांना ‘इन’ बसवा, लष्कराची सरसकट सूट बंद करा, असा त्याचा गाभा. डिसेंबर 2025 मध्ये सिनेटने ते एकमताने मंजूर केलं. तेव्हा पाठीशी असलेल्या पेंटागॉनने फेब्रुवारी 2026 मध्ये, हाउसमधल्या, म्हणजे प्रतिनिधीगृहातल्या मतदानाच्या तोंडावर, हात काढून घेतला. कारणं दोन: खर्च आणि सुरक्षितता. बहुमत मिळालं, पण ज्या पद्धतीने हे मतदान झालं तिच्यात लागणारी दोन-तृतीयांश मतं जमली नाहीत. विधेयक पडलं. आपली माणसं गमावलेली कुटुंबं वर्षभर खासदारांची दारं ठोठावत होती, त्यांच्या पदरात हे पडलं.

खर्चाची सबब मला मान्य नाही. छोटी खासगी विमानं उडवणारे हौशी वैमानिक काहीशे डॉलरचा सुटा रिसीव्हर आणून टॅब्लेटवर आजूबाजूची रहदारी बघतात. हौशी माणसाला जे परवडतं ते प्रवासी कंपनीला आणि जगातल्या सर्वांत श्रीमंत लष्कराला परवडत नाही? सुरक्षिततेचा मुद्दा अस्सल गुप्त मोहिमेला लागू आहे, आणि तिच्यासाठी विधेयकात वाट ठेवलेली होती. सरावाच्या फेरीला कसलं आलंय गुपित?

अशी सक्ती याआधीही झालेली आहे. 31 ऑगस्ट 1986 रोजी कॅलिफोर्नियात सेरिटोसवर एरोमेक्सिकोचं विमान आणि एक छोटं पायपर धडकलं. विमानात 64, पायपरमध्ये 3. तेच आकडे! खाली घरांमधले आणखी 15 जण मेले. पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने टीकॅसचा कायदा केला आणि 1993 अखेर मोठ्या प्रवासी विमानांत ते बसलं. आपल्याकडे 12 नोव्हेंबर 1996 रोजी चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन 349 जण गेले. दोन्ही विमानांत टीकॅस नव्हतं. मग भारतानेही सक्ती केली. इतकी मढी मोजल्यावर का होईना, दोन्हीकडे सक्ती झाली, आणि तिच्यात पळवाट फारशी ठेवली नाही.

रोटर विधेयकात ‘इन’ बसवण्याची मुदत 2031 अखेरपर्यंत होती. म्हणजे पहिल्या झटक्यात कायदा झाला असता तरी कंपन्यांना पाचहून अधिक वर्षं मिळत होती. एवढी ढील देऊनही ज्यांचा हात मतपेटीशी अडखळला, त्यांनी आपापल्या मतदारसंघातून वॉशिंग्टनला जाताना त्याच धावपट्ट्यांवर उतरायचं आहे.